शांघायच्या बोळातले भाड्याचे सरकार : कोरियाच्या हंगामी सरकारचे स्मारक कसे पाहावे

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतून यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनासाठी शांघायला जाणारी मंडळी नाशिकमध्ये थोडीथोडकी नाहीत. माझ्याही तिथे तीन खेपा झाल्या. कामे उरकली की हाताशी अर्धा-एक दिवस उरतो आणि तो बहुधा नदीकाठच्या उंच इमारतींचे फोटो काढण्यात आणि नानजिंग रस्त्यावरच्या खरेदीत जातो. त्या अर्ध्या दिवसात पाहण्याजोगे एक लहानसे स्मारक त्याच शहरात आहे. मादांग रस्त्यालगतच्या एका बोळात, विटांच्या तीन मजली घरात, कोरियाचे हंगामी सरकार १९२६ ते १९३२ या काळात भाडेकरू म्हणून राहत होते. आजच्या दक्षिण कोरियाच्या राज्यघटनेची उद्देशिका, १ मार्च १९१९ च्या चळवळीतून जन्मलेल्या त्या हंगामी सरकारचा वारसा आपण पुढे चालवतो, असे स्पष्ट शब्दांत सांगते.

घर पाहून व्हायला पाऊण तास पुरतो. मात्र तयारीशिवाय गेलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर येतो आणि ‘काही विशेष नाही, चार खोल्या आहेत’ असे सांगतो. पहिल्या खेपेला मी नेमके हेच केले. टेबल, खुर्च्या, पलंग आणि चुलीवरची भांडी पाहिली आणि बाहेर पडलो. घरी आल्यावर वाचन झाले, तेव्हा आपण काय पाहिले आणि काय हातचे घालवले ते कळले. पुढचे सगळे दुसऱ्या भेटीच्या अनुभवावरून लिहिले आहे.

निघण्यापूर्वी एवढे वाचून ठेवावे

घरातल्या माहितीफलकांवर चिनी आणि कोरियन भाषेचाच पगडा आहे. त्यामुळे इतिहास आपण सोबत घेऊन जायचा असतो, तिथे तो आयता मिळत नाही.

जपानने ऑगस्ट १९१० मध्ये कोरिया खालसा केला. १ मार्च १९१९ रोजी सोलमध्ये ३३ प्रतिनिधींच्या सह्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला, देशभर निदर्शने झाली आणि जपानी पोलिसांनी व लष्कराने ती चिरडली. त्यानंतर सहाच आठवड्यांत, ११ एप्रिल १९१९ रोजी, शांघायमध्ये जमलेल्या परागंदा पुढाऱ्यांनी हंगामी सरकार स्थापले आणि दहा कलमांची एक सनद संमत केली. कोरिया हे लोकशाही प्रजासत्ताक राहील, असे तिचे पहिलेच कलम सांगते. ज्या देशावर नऊ वर्षांपूर्वीपर्यंत सम्राटाचे राज्य होते, त्या देशाच्या माणसांनी परक्या शहरात बसून, हाती वीतभर जमीन नसताना, गादी परत न आणण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर दोनच दिवसांनी अमृतसरला जालियनवाला बागेत गोळीबार झाला, हे लक्षात ठेवले की तो काळ आपोआप डोळ्यांपुढे उभा राहतो. जुन्या पुस्तिकांमध्ये स्थापनेची तारीख १३ एप्रिल अशी आढळली तर गोंधळून जाऊ नये. दक्षिण कोरियात २०१८ पर्यंत स्थापनादिन त्याच तारखेला साजरा होत असे आणि २०१९ पासून तो ११ एप्रिलवर आणला गेला.

शांघायच का, हा पुढचा प्रश्न. त्या वेळी शहराचा एक भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि तिथे जपानी पोलिसांना परस्पर अटक करता येत नसे. इंग्रजांच्या राज्यातून निसटलेल्या आपल्या क्रांतिकारकांना फ्रेंच पुदुच्चेरीचा जसा आसरा होता, तसाच हा आसरा होता. हे घर त्याच फ्रेंच वसाहतीत येते. तो आसरा १९३२ मध्ये कसा सुटला ते पुढे येईल. तूर्त सरकारच्या बिऱ्हाडांचा क्रम लिहून घ्यावा : शांघाय, हांगचौ, झेनज्यांग, चांगशा, ग्वांगचौ, ल्यूचौ, छीज्यांग आणि शेवटी १९४० पासून १९४५ पर्यंत चोंगचिंग. कागदपत्रांच्या पेट्या आणि बायकापोरे घेऊन हे सरकार चीनभर फिरले.

माणसांपैकी दोन नावे ओळखीची असली तरी काम भागते. पहिले सिंगमन ऱ्ही. ते या सरकारचे पहिले अध्यक्ष होते, १९२५ मध्ये महाभियोग चालवून त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि पुढे १९४८ मध्ये तेच दक्षिण कोरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. दुसरे किम गू. हे घर खऱ्या अर्थाने त्यांचे आहे. शांघायला आल्यावर त्यांनी सरकारच्या दारावरचा द्वारपाल होण्याची इच्छा व्यक्त केली होती, तेव्हा सरकारातले एक पुढारी आन चांग-हो यांनी त्यांना पोलीस खात्याचे प्रमुख केले. १९२६ च्या अखेरीस ते सरकारचे प्रमुख झाले. देश मुक्त झाल्यावर ते परतले आणि २६ जून १९४९ रोजी सोलमध्ये त्यांची हत्या झाली.

नाशिकमधलीच एक संध्याकाळ

जाण्याच्या आठवड्यात एका संध्याकाळी जुन्या नाशकातल्या तिळभांडेश्वर गल्लीत जाऊन अभिनव भारत मंदिर पाहून यावे, असे मी आग्रहाने सुचवतो. यात गावाचा अभिमान मिरवण्याचा हेतू नाही, डोळ्यांना माप लावून घेणे हा हेतू आहे. सावरकर बंधूंची १९०४ मधली अभिनव भारत ही गुप्त संघटना होती, सरकार नव्हते, त्यामुळे दोहोंची तुलना फार ताणू नये. पण साम्राज्याला अस्वस्थ करणारी गोष्ट किती अरुंद बोळात, किती थोड्या चौरस फुटांत उभी राहू शकते, याचा अंदाज तिथे येतो. परतताना गोल्फ क्लबच्या मैदानावरून आलात तर त्याला दिलेल्या हुतात्मा अनंत कान्हेरे या नावापाशी क्षणभर थांबावे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह, फाशी देण्यात आले. ही आठवण ताजी असली की शांघायमध्ये जपानी अधिकाऱ्यांवर बाँब फेकणाऱ्या युन बाँग-गिल या नावाशी आल्यावर ते नाव नुसते फलकावरचे राहत नाही.

कागदपत्रे, पैसे आणि फोन

व्हिसा घेऊनच जावे लागते. पर्यटनासाठीचा आणि व्यापारासाठीचा असे त्याचे वर्ग वेगळे आहेत आणि आपल्याकडील अर्जदारांना मुंबईचा मार्ग जवळचा पडतो. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेल करते, ओळखीच्या माणसाच्या घरी उतरलात तर २४ तासांच्या आत ती स्वतः करावी लागते. पासपोर्ट मूळ प्रतीत जवळ ठेवावा, कारण संग्रहालयांच्या दारात आणि रेल्वे स्थानकांवर झेरॉक्स चालत नाही.

पैशांच्या बाबतीत माझी फजिती झाली होती. चीनमध्ये भाजीवाल्यापासून टॅक्सीपर्यंत सारे व्यवहार अलीपे आणि वीचॅट या दोन ॲपवरून होतात आणि त्यांना आपले आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड जोडता येते. मी हे काम तिथे उतरल्यावर करायला घेतले. बँकेचा ओटीपी भारतीय सिमवर येणार होता आणि ते सिम मी मुंबईच्या विमानतळावरच काढून पाकिटात ठेवले होते. ते पुन्हा घालून, रोमिंग चालू करून घेण्यात सकाळ गेली. म्हणून कार्ड जोडणे, पासपोर्टची पडताळणी आणि एखादा लहान व्यवहार करून पाहणे हे सगळे घरीच उरकावे. जोडीला थोडे रोख युआन असावेत. स्मारकाचे तिकीट २० युआनचे आहे, तेवढ्यासाठी शंभराची नोट मोडून मागण्यापेक्षा सुटे बरे.

रोमिंग चालू असलेल्या भारतीय सिमवर गुगल आणि व्हॉट्सॲप चालतात, हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. गुगलचा नकाशा मात्र चीनमध्ये भरवशाचा नाही, कारण तिथल्या अधिकृत नकाशांची मोजणी निराळी असल्याने खूण प्रत्यक्ष जागेपासून काहीशे मीटर सरकलेली दिसू शकते. बोळातले घर शोधताना एवढा फरक म्हणजे भलतीच गल्ली. चिनी नकाशाचे ॲप उतरवून घ्यावे आणि चिनी लिपीतला पत्ता फोनमध्ये चित्र म्हणून जपून ठेवावा.

तो पत्ता उच्चारी असा आहे : मादांग लू, ३०६ नोंग, ४ हाओ. लू म्हणजे रस्ता, नोंग म्हणजे रस्त्यापासून आत जाणारा बोळ आणि हाओ म्हणजे घराचा क्रमांक. म्हणजे चिनी पत्ता आपल्या उलट क्रमाने, मोठ्याकडून लहानाकडे येतो. टॅक्सीचालकांना बोळाचा क्रमांक रस्त्यावरच्या दुकानाचा वाटतो आणि ते पुढे-मागे कुठेतरी सोडून मोकळे होतात. माझ्या बाबतीत तसे झाले, म्हणून मी मेट्रोचाच सल्ला देतो.

तिथवर पोहोचणे

दिवस निवडताना सोमवार टाळावा. शांघायमधल्या बऱ्याच संग्रहालयांचा तो सुट्टीचा किंवा अपुऱ्या वेळेचा दिवस असतो आणि याच फेरीत जोडून पाहण्याचे दुसरे स्थळही सोमवारी बंद असते. ११ एप्रिल (स्थापनादिन), २९ एप्रिल (युन यांच्या बाँबचा दिवस) आणि १५ ऑगस्ट (कोरियाचा मुक्तिदिन) या तारखांच्या आसपास कोरियन प्रवाशांचे जथे येतात. वातावरण अनुभवायचे असेल तर जरूर त्या दिवशी जावे, निवांत पाहायचे असेल तर मधल्या वारी सकाळी दार उघडण्याच्या वेळेला पोहोचावे.

मेट्रोच्या १० आणि १३ क्रमांकाच्या मार्गांवरचे शिनत्यांदी हे स्थानक जवळचे आहे. २०२१ मध्ये चिनी साम्यवादी पक्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या जागेचे नाव त्याला जोडण्यात आले, त्यामुळे फलकावर लांबलचक नाव दिसले तरी बुजू नये, शेवटी शिनत्यांदी हे शब्द आहेतच. नानजिंग रस्त्याच्या पूर्व टोकाच्या स्थानकावरून १० क्रमांकाची गाडी पकडली की युयुआन बाग, लाओशीमेन आणि मग हेच स्थानक येते. भाडे ३ युआनपासून सुरू होते. प्रत्येक स्थानकात पिशवी यंत्रातून तपासली जाते, म्हणून मोठे सामान हॉटेलातच राहू द्यावे. बाहेर पडण्याची दारे बरीच आहेत, फलकावर मादांग रस्त्याचे नाव असलेले दार निवडले की रस्ता ओलांडण्याचीही फारशी कटकट उरत नाही.

वर आल्यावर भोवतालचा थाट पाहून आपण चुकलो की काय, अशी शंका येते. शिनत्यांदी ही महागडी वस्ती आहे : काचेची दुकाने, कॉफीगृहे, दारात उभ्या गाड्या. त्या झगमगाटालगतच तांबूस-करड्या विटांची एक जुनी रांग अजून उभी आहे आणि कोरियन अक्षरांची पाटी दिसली की जागा सापडली असे समजावे.

घराच्या आत

तिकीट घेतल्यावर आत घुसण्याची घाई करू नये. आधी बोळात उभे राहून घर बाहेरून पाहावे. या बांधणीला शांघायमध्ये ‘शिकुमेन’ म्हणतात, म्हणजे दगडी चौकटीच्या दाराचे घर. एका रांगेत खेटून बांधलेली घरे, प्रत्येकाला काळ्या लाकडाचे जाडजूड दुपाखी दार, दाराच्या आत वरून उघडा लहानसा चौक आणि चौकाच्या पलीकडे बैठकीची खोली. सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत ज्याने वाडे पाहिले आहेत, त्याला हे घर परके वाटत नाही. फरक इतकाच, की आपला वाडा आडवा पसरतो आणि हे घर जागेअभावी उभे चढते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शांघायातला मध्यमवर्ग अशाच घरांत राहायचा. सरकारने मुद्दाम असे घर घेतले ते चारचौघांत मिसळून जाण्यासाठी, आणि दुसरे परवडत नव्हते म्हणूनही.

आत फोटो काढू देत नाहीत. सुरुवातीला याचा राग येतो, नंतर उपयोग कळतो, कारण फोन खिशात गेल्यावर माणूस खोलीकडे पाहू लागतो. माहितीपट दाखवत असतील तर तो भाषा न कळताही पाहून घ्यावा. बुटांवर आवरण चढवायला सांगितले तर निमूट चढवावे.

तळमजल्यावर सभेची खोली आणि तिच्यामागे स्वयंपाकघर आहे. सभेच्या खोलीत लांबट टेबल, भोवती खुर्च्या आणि भिंतीवर कोरियाचा ध्वज : पांढऱ्या पटावर मधोमध लाल-निळे वर्तुळ आणि चार कोपऱ्यांत काळ्या रेघांचे गट. या टेबलाशी एका वेळी किती माणसे बसू शकतील, ते मनाशी मोजावे. मंत्रिमंडळ एवढेच होते. स्थापनेच्या सुमारास हजारावर कोरियन कार्यकर्ते शांघायात गोळा झाले होते, काही वर्षांत कोणी पकडले गेले, कोणी शरण गेले, कोणी पोटापाण्यासाठी पांगले, आणि उरलेल्यांची संख्या काही डझनांवर आली. हे किम गू यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्यांनी हिशेबही दिला आहे : कचेरीचे भाडे महिना ३० युआन, नोकराचा पगार २० युआनहून कमी, आणि तेवढेही वेळेवर जमत नसल्याने घरमालक वरचेवर कोर्टात खेचत असे. मला या घराबद्दलची सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. परराष्ट्रमंत्री, अर्थमंत्री, न्यायमंत्री अशी सगळी खाती असलेले सरकार थकलेल्या भाड्यापायी प्रतिवादी म्हणून उभे राहते, आणि तरीही भिंतीवरचा ध्वज उतरत नाही.

स्वयंपाकघर बहुतेक लोक दारातून डोकावून सोडून देतात. तिथे दोन मिनिटे जास्त थांबावे. किम गू यांच्या आई क्वाक नाग-वॉन काही वर्षे मुलाजवळ शांघायात होत्या. तो काळ हे घर घेण्याच्या आधीचा, पण वस्ती हीच. भाजीवाल्यांनी कचऱ्यात टाकलेली कोबीची वरची पाने त्या रात्री जाऊन वेचून आणत आणि मिठात मुरवून ठेवत. बाजार उठल्यावर आपल्या मार्केट यार्डात जो पाला पायाखाली येतो, तोच. त्या भाजीवर सरकारातल्या माणसाचे घर चालत होते. याच बाईंच्या वाढदिवसासाठी पुढे नानजिंगमध्ये सहकाऱ्यांनी वर्गणी काढली, तर त्यांनी ती रक्कम मागून घेतली आणि तिची दोन पिस्तुले आणून कार्यकर्त्यांच्या हाती दिली.

जिना अरुंद, लाकडी आणि बराच उभा आहे. वयस्कर माणसांनी कठड्याला धरून एकेक पायरी चढावी आणि खाली उतरणाऱ्यांना आधी वाट द्यावी, कारण दोन माणसे एका वेळी मावत नाहीत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तळमजला पाहून बोळात बसून राहिले तरी फार बिघडत नाही. किम गू यांच्या पत्नी छोए जुन-र्ये १९२२ मध्ये धाकट्या मुलाच्या जन्मानंतर लवकरच याच वस्तीतल्या त्यांच्या बिऱ्हाडी असल्याच जिन्यावरून पडल्या. त्या दुखण्यातून त्या उठल्या नाहीत आणि १ जानेवारी १९२४ रोजी गेल्या. रुग्णालय फ्रेंच हद्दीच्या बाहेर होते. हद्द ओलांडली असती तर जपानी पोलिसांनी पकडले असते, म्हणून नवऱ्याला शेवटच्या भेटीलाही जाता आले नाही.

पहिल्या मजल्यावर, म्हणजे तिथल्या मोजणीने दुसऱ्या मजल्यावर, कामकाजाची खोली आहे. तिथले मेज पाहताना एक गोष्ट ध्यानात असावी : किम गू रात्री कचेरीतच झोपत आणि जेवायला नोकरीधंदा असलेल्या देशबांधवांकडे जात. याच सुमारास त्यांनी आपल्या दोन मुलांना उद्देशून आत्मचरित्राचा पहिला भाग लिहिला. आपण केव्हाही मारले जाऊ आणि बाप कोण होता हे मुलांना कळायचे नाही, या भीतीपोटी लिहिलेला तो मजकूर आहे.

त्याच्या वर झोपण्याची खोली आणि प्रदर्शनाचा भाग येतो. पलंग अरुंद आणि इतके जवळ आहेत, की वसतिगृहाची आठवण व्हावी. प्रदर्शनात छायाचित्रे, कागदपत्रांच्या प्रती आणि पुढच्या भटकंतीची माहिती आहे. लिहून आणलेला शहरांचा क्रम इथे कामी येतो : फलक वाचता आला नाही तरी नकाशावरची रेघ वाचता येते.

या भागात भारतीय माणसाने मनाशी एक नोंद करावी. हंगामी सरकारने चोंगचिंगमध्ये १७ सप्टेंबर १९४० रोजी स्वतःचे सैन्य उभारले आणि १९४३ मध्ये त्यातली नऊ माणसे ब्रिटिशांच्या मदतीला भारतात धाडली. कलकत्त्यात उतरून ती इंफाळच्या आघाडीवर गेली. ध्वनिक्षेपकावरून जपानी सैनिकांना आवाहन करणे आणि हाती लागलेली जपानी कागदपत्रे वाचणे, हे त्यांचे काम होते. त्याच इंफाळच्या रणांगणावर समोरच्या बाजूला आझाद हिंद फौज होती आणि तिच्यामागे २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात स्थापन झालेले आपले हंगामी सरकार होते. दोघांनाही स्वतःच्या देशाचे स्वातंत्र्य हवे होते. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा मित्र ठरला होता. कोरियन प्रवाशाशी गप्पा निघाल्याच तर जपानविषयी किंवा नेताजींविषयी उत्साहाने काही बोलण्याआधी हा पेच आठवावा.

ज्यांना मुलांना घेऊन जायचे आहे त्यांच्यासाठी एवढेच, की दहा वर्षांखालील मुलांना इथे गुंतवणारे काही नाही.

बाहेर पडताना घराचा पुढचा इतिहासही लक्षात ठेवावा. सरकार गेल्यावर इथे साधी कुटुंबे राहत होती. चीन आणि दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंध ऑगस्ट १९९२ मध्ये जुळले, त्यानंतर दुरुस्ती होऊन १९९३ मध्ये स्मारक खुले झाले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये नव्या मांडणीसह ते पुन्हा उघडले.

उरलेला दिवस

मादांग रस्त्याने उत्तरेकडे दहा-बारा मिनिटे चालले की शिंग्ये रस्त्यावर ते दुसरे स्थळ लागते. जुलै १९२१ मध्ये चिनी साम्यवादी पक्षाचे पहिले अधिवेशन तिथल्या असल्याच एका शिकुमेन घरात भरले होते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पासपोर्ट लागतो आणि गर्दी प्रचंड असते. फ्रेंच पोलिसांची धाड पडल्यामुळे ते अधिवेशन अर्ध्यावर मोडले आणि ज्याशिंग गावच्या तळ्यातल्या एका होडीत पुरे झाले. ज्या पोलिसांच्या कानाडोळ्यावर कोरियाचे सरकार टिकून होते, तेच हे पोलीस. दोन्ही घरे एकाच सकाळी पाहिल्यावर फ्रेंच आश्रयाची खरी किंमत कळते.

दुपारनंतर वेळ असेल तर लू शुन बागेत जावे. लाओशीमेनला मार्ग बदलून ८ क्रमांकाच्या गाडीने होंगकोउ फुटबॉल मैदानाच्या स्थानकावर उतरले की बाग शेजारीच आहे. पूर्वीचे तिचे नाव होंगकोउ बाग. २९ एप्रिल १९३२ रोजी तिथे जपानी सम्राटाचा वाढदिवस आणि शांघायमधला विजय साजरा होत असताना किम गू यांनी पाठवलेल्या युन बाँग-गिल या तरुणाने व्यासपीठावर बाँब फेकला. तो पाण्याच्या बाटलीच्या आकारात बनवला होता. जनरल शिराकावा त्या जखमांनी गेले आणि शिगेमित्सु या मुत्सद्द्याला पाय गमवावा लागला. २ सप्टेंबर १९४५ रोजी अमेरिकी युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीवर सही करायला लाकडी पायाने चालत आले ते हेच शिगेमित्सु. युन यांना १९ डिसेंबर १९३२ रोजी जपानमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. वय २४.

बागेच्या आत युन यांच्या स्मारकाचा कुंपण घातलेला एक निराळा भाग आहे, त्याचे तिकीट वेगळे. दुमजली लाकडी मंडप, भोवती झाडे आणि आत मोजकीच मांडणी. मंडपासमोर बसायला जागा मिळाली तर त्या सकाळची गोष्ट सोबतच्यांना सांगावी. न्याहारी उरकल्यावर युन यांनी किम गू यांच्यापुढे आपले नवे घड्याळ धरले : हे सहा वॉनचे आहे, तुमचे दोन वॉनचे, आपण बदलून घेऊ, मला आता तासाभरापुरतेच लागणार आहे. किम गू यांनी ते घड्याळ अखेरपर्यंत जवळ ठेवले.

त्या बाँबनंतर फ्रेंचांनी जपान्यांना आपल्या हद्दीत धाडी घालू दिल्या, आन चांग-हो त्याच दिवशी पकडले गेले आणि मादांग रस्त्यावरचे घर सोडून सरकार हांगचौला गेले. किम गू जॉर्ज फिच या अमेरिकन मिशनऱ्याच्या घरात काही आठवडे लपले. त्यांच्या डोक्यावरचे बक्षीस पुढे ६ लाखांवर गेले. तिथून ते ज्याशिंगला निसटले.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर ज्याशिंगही जोडता येते. होंगछ्याओ स्थानकावरून वेगवान गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो आणि तिकीट पासपोर्टवरच निघते, म्हणून स्थानकावर पाऊण तास आधी पोहोचावे. तिथल्या मेइवान रस्त्यावर, तळ्याच्या काठाला, चिनी स्नेह्यांनी किम गू यांना ठेवलेले लाकडी घर आता स्मारक म्हणून राखले आहे. माडीवरच्या निजायच्या खोलीत जमिनीला एक झडप आहे. धोक्याची चाहूल लागली की ते तिथून शिडीने खाली उतरत आणि पाण्यावर बांधून ठेवलेल्या होडीत बसून तळ्यात दूर निघून जात. खोलीत शिरताना नजर समोरच्या पलंगावर जाते आणि झडप राहून जाते, तेव्हा आधी पायाखाली पाहावे.